मागच्या डाव्या चाकाचं दुखणं

ती गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी बहरीनमध्ये नर्स म्हणून चांगली रुळले होते. आमच्या हॉस्पिटलात एक इंग्लिश फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. त्या कायमच्या मायदेशी निघाल्या आणि त्यांची गाडी कोणी घेईना. दोन दारं, दोन सीट, वरचं कापडी छप्पर मागे दुमडणारं, रंग बाटलीसारखा गडद हिरवा. घेतली तेव्हाही ती जुनीच होती. बाईंना ती भंगारात द्यायची नव्हती आणि मला ड्रायव्हिंग लायसन्स मिळून थोडेच महिने झाले होते. "हिला फक्त सुट्टीला फिरवणारी नको, रोज वापरणारी हवी," असं त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. किंमत नावापुरती घेतली.

गाडीचं स्टिअरिंग उजव्या बाजूला होतं. पूर्वी बहरीनमध्ये वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत. मी येण्याच्या काही वर्षं आधी नियम बदलला आणि सगळी रहदारी उजवीकडे गेली, पण जुन्या गाड्यांची स्टिअरिंग होती तिथेच राहिली. त्यामुळे मी रस्त्याच्या कडेला बसायचे आणि पुढच्या ट्रकला ओलांडायचं झालं की समोरून काय येतंय ते मला दिसायचं नाही. ते दिसायचं डावीकडच्या सीटवर बसलेल्या माणसाला. माझ्या बाबतीत तो माणूस म्हणजे माझा मोठा भाऊ.

भावाला मीच बहरीनला आणलं होतं. वसईला तो होड्या बांधणाऱ्यांच्या हाताखाली काम करायचा. पुढे ते काम कमी झालं. इथल्या एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये जागा असल्याचं मला कळलं, मी शब्द टाकला आणि त्याचा व्हिसा निघाला. त्याची बायको आणि मुलगी वसईलाच राहिल्या. धाकट्या बहिणीच्या शब्दावर आपण परदेशात आलो, हे त्याला आवडलं नव्हतं. तसं तो कधी बोलला नाही. मात्र मी काहीही नवीन केलं की त्याच्या कपाळावर आठी पडायची. आम्ही दोघं मनामा शहराच्या गुदैबिया भागात एका जुन्या इमारतीत दोन खोल्या घेऊन राहायचो. खाली केरळी माणसाचं वाणसामानाचं दुकान, समोर खानावळ. मी गाडी त्या दुकानासमोर लावली तेव्हा दादा गॅलरीतून खाली बघत होता.

"ही कोणाची?" त्याने विचारलं.

"माझी."

"दोनच माणसं मावतात हिच्यात."

"आपण दोनच आहोत, दादा."

यावर तो आत निघून गेला. घरात आम्ही आमच्या वसईच्या बोलीत बोलायचो. ती बोली बाहेरच्यांना लवकर कळत नाही, म्हणून इथे सरळ मराठीत लिहिते.

पहिल्या शुक्रवारी चर्चला जाताना तो गाडीत बसला. आखातात शुक्रवार सुट्टीचा, त्यामुळे मोठी मिस्साही शुक्रवारी व्हायची. वाटेत पुढे एक पिकअप होती. दादा मान बाहेर काढून म्हणाला, "थांब... थांब... चल." मी ओलांडून गेले. त्या दिवसापासून हे ठरूनच गेलं. गाडी त्याला आवडायची नाही, पण "थांब" आणि "चल" तो मन लावून म्हणायचा.

गाडीत दोष होता हे मला लवकरच कळलं. वेग घेतला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. रस्त्यातल्या खळग्यावरून गेलं की खालून धाडकन आवाज यायचा. शिवाय एक्सलरेटर दाबला की गाडी किंचित एका बाजूला जायची आणि पाय काढला की दुसऱ्या बाजूला. हे शेवटचं इतकं बारीक होतं की मला ते बरेच दिवस माझ्याच चालवण्यातला दोष वाटत राहिलं.

हॉस्पिटलच्या एका ड्रायव्हरने नईममधल्या गॅरेजचं नाव सांगितलं. मालक बहरीनी म्हातारा होता. दिवसभर दारापाशी खुर्ची टाकून चहा प्यायचा. काम करणारा मेकॅनिक देवरुखकडचा. मी अरबी, हिंदी, इंग्रजी सगळं जोडून काय होतंय ते सांगत होते. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "मराठीत सांगा की, सिस्टर."

मी युनिफॉर्मवरच गेले होते, म्हणून सिस्टर. पुढे त्याने मला दुसऱ्या कशानेही हाक मारली नाही. मी त्याला मिस्त्री म्हणायचे.

मिस्त्री चाळिशीच्या आसपासचा, बुटका, खांद्याने रुंद. आयुष्य त्याने ट्रक आणि पिकअप दुरुस्त करण्यात घालवलं होतं. अशी गाडी त्याने उघडून पाहिली नव्हती आणि ते तो लपवतही नव्हता. त्याने पुढचा बंपर दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडला. गाडी वरखाली झुलत राहिली.

"शॉकप मेलेत," तो म्हणाला. "दाबून सोडला की गाडीने एकदा उठून गप बसायला पायजे. ही बघा, पाळण्यावानी हलतेय."

खळग्यांचे धक्के जिरवणारे ते शॉक जुन्या पद्धतीचे होते. आतमध्ये तेल आणि बाहेर एक दांडा. तेल केव्हाच गळून गेलं होतं. त्याने ते उतरवून धुतले, नवं जाड तेल भरलं. झुलणं कमी झालं. स्टिअरिंगचं थरथरणं आणि खालचा आवाज तसाच राहिला. मग त्याने पुढच्या चाकांच्या सांध्यातले रबरी बुश पाहिले. बहरीनच्या उन्हात रबर फार टिकत नाही. ते बिस्किटासारखे चुरले होते. नवे बुश मिळवायला वेळ लागला. ते बसवल्यावर थरथर थोडी उतरली. पुढे किंगपिन निघाली. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती ही खीळ. तिला ग्रीस मिळालं नव्हतं, त्यामुळे ती झिजून सैल झाली होती. तीही बदलली. आता स्टिअरिंग शांत झालं. पण एक्सलरेटर दाबला-सोडला की बाजूला सरकणं होतंच, आणि तो आवाजही.

या सगळ्याला जवळजवळ एक हिवाळा गेला. मी ड्यूटी संपली की नईमला जायचे. मिस्त्री गाडीखाली झोपलेला असायचा आणि मी बाहेर डब्यावर बसून त्याला पाने द्यायचे. हळूहळू मला पान्यांचे नंबर कळायला लागले. मालक म्हातारा मला बघून हसायचा आणि आपल्या ग्लासातला चहा संपायच्या आत माझ्यासाठी दुसरा मागवायचा.

दरम्यान त्या इंग्लिश बाईंशी माझं फोनवर बोलणं झालं. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे हौशी लोक या गाडीला कडक स्प्रिंगा आणि नव्या पद्धतीचे उभे शॉक बसवतात, मग गाडी वळणावर झुकत नाही. त्यांचा एक पुतण्या हेच काम करत असे. मला मोह झाला. इतकं केलंच आहे तर नीटच करू, असं वाटलं. मी मिस्त्रीला विचारलं तर त्याचे डोळे चमकले.

"मागवा," तो म्हणाला. "नवीन माल हातात तर येऊ दे."

दादाने मात्र जेवताना विचारलं, "जुनी गाडी आहे, जुन्यासारखी चालू दे ना. कशाला तिला तरणी करतेस?"

"आवाज जात नाही म्हणून."

"आवाज कुठून येतो ते कळलं का?"

"नाही."

"मग नव्या वस्तूंनी तो कसा जाईल?"

त्या वेळी मला ते त्याच्या नेहमीच्या आठीसारखं वाटलं.

सामान जहाजाने आलं. पुढच्या दोन स्प्रिंगा, मागच्या चाकांसाठी पोलादी पानांचे कमानीसारखे पाटे, चार शॉक, आणि ते अडकवायच्या लोखंडी पट्ट्या. मिस्त्रीने सगळं जुन्या चादरीवर मांडलं आणि मालकाला बोलावून दाखवलं. मालक म्हणाला, "माशाल्ला." मिस्त्रीने एक शॉक हातात धरून दाबून पाहिला. तो सहज दाबला गेला नाही तसा मिस्त्री खूश झाला.

पुढचं काम व्यवस्थित झालं. मागचे पाटे काढताना डावीकडचा एक बोल्ट निघेना. मिस्त्रीने त्याला तेल पाजलं, हातोडीने ठोकलं, शेवटी गॅसने तापवला. तेव्हा तो किंचाळत फिरला. त्या बोल्टाच्या भोवती, गाडीच्या पोटाला, डांबरासारखा काळा थर होता. गंज धरू नये म्हणून पूर्वी कोणीतरी तो फासला होता. थर जाड आणि गुळगुळीत होता. मिस्त्रीने त्यावर हात फिरवला, नवा पाटा चढवला, नवा बोल्ट घातला आणि पूर्ण जोर लावून आवळला.

गाडी बाहेर आली तेव्हा ती वेगळीच उभी होती, थोडी उंच आणि ताठ. मी चालवली. वळणावर ती खरोखर झुकली नाही. पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा मणक्यात जाणवायला लागला. आणि खालचा आवाज गेला तर नाहीच, उलट मोठा झाला. मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "नवीन हाय, बसू दे. महिनाभर चालवा, मग परत आवळू."

तो महिना पुरा झाला नाही.

दादाचं बुसैतीनमध्ये काम होतं. त्याच्या हॉटेलचा एक बहरीनी सहकारी तिकडे राहायचा आणि त्याच्या घरी लग्न होतं. शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. पूल ओलांडून मुहर्रकच्या बेटावर गेलो. पुढे पाण्याचा टँकर होता आणि त्यातून गळणारं पाणी आमच्या काचेवर उडत होतं. मी दादाला विचारलं, "बघ, जाऊ का?"

त्याने मान बाहेर काढली. "थांब. बस येतेय."

मी पाय उचलला, मागे राहिले आणि रस्त्याच्या कडेला आले. बस बाजूने गेली. त्याच क्षणी उजवं आणि डावं अशी दोन्ही चाकं एका खळग्यात उतरली. खालून असा आवाज आला की मला वाटलं कोणी घण घातला. गाडीचा मागचा भाग डावीकडे फेकला गेला आणि तोंड आपोआप उजवीकडे वळलं. मी स्टिअरिंग उलट फिरवलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. गाडी रस्ता सोडून वाळूत उतरली आणि बांधकामाच्या मातीच्या ढिगाला जाऊन भिडली.

धूळ खाली बसली तेव्हा मला काहीही झालेलं नव्हतं. दादा डावा खांदा धरून बसला होता. चेहरा पांढरा पडला होता. मी त्याच्या गळ्याशी हात लावून पाहिलं. कॉलरबोन, गळ्याखालचं आडवं हाड, मोडलं होतं. मी माझी ओढणी सोडली, त्याच्या हाताला झोळी बांधली आणि गाठ मारली. लग्नाला निघालेल्या माणसांची एक मोटार थांबली आणि त्यांनी आम्हाला हॉस्पिटलात आणलं.

वाटेत दादा एकच वाक्य बोलला. "बरं झालं, बस आली."

मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. नंतर ध्यानात आलं. बस आली नसती तर तो "चल" म्हणाला असता आणि गाडी टँकरच्या बाजूला असताना वळली असती.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून नईमला आणली. मी ड्यूटीवरून परस्पर तिथे गेले. मिस्त्री गाडीखाली होता. बराच वेळ खरवडण्याचा आवाज येत राहिला. मग तो बाहेर आला. त्याच्या हातात काळ्या डांबराची एक ढलपी होती आणि तिच्या आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे चिकटलेले होते.

"या, बघा," तो म्हणाला.

मी युनिफॉर्म सावरून खाली वाकले. मागच्या डाव्या चाकाचा पाटा जिथे पुढच्या टोकाला गाडीच्या पोटाशी अडकतो, तिथलं लोखंडच उरलं नव्हतं. बोल्ट शाबूत होता, नट शाबूत होता. ज्या पत्र्यात ते बसवलेले होते तो पत्रा फाटून मोठं भोक पडलं होतं. चाक मागे सरकलं होतं. बहरीनमध्ये नळाचं पाणी मचूळ असायचं. त्याच पाण्याने सगळे गाड्या धुवायचे आणि समुद्राची हवा तर बारा महिने होतीच. डांबराच्या आत ते मीठ बसून वर्षानुवर्षं लोखंड खात राहिलं होतं. जुने पाटे मऊ होते, खळग्याचा धक्का ते स्वतः घ्यायचे. आम्ही घातलेले नवे पाटे कडक. त्यांनी सगळा धक्का त्या कुजक्या पत्र्यावर नेऊन टाकला.

म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा आवाज तिथला होता. एक्सलरेटर दाबल्या-सोडल्यावर गाडी सरकायची तीही त्याच चाकामुळे. थरथर हाताला पुढे जाणवायची, म्हणून आम्ही दोघं पुढेच शोधत बसलो होतो. पुढे सापडलेले दोष खरे होते, पण हा वेगळा होता.

"मी वरून हात फिरवला," मिस्त्री म्हणाला. "खरवडून बघितला नाय." नंतर त्याने विचारलं, "भाऊ कसे हायत?"

मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि हात पुसत राहिला.

त्याच संध्याकाळी तो गुदैबियात आमच्या घरी आला. धुतलेला शर्ट, केस पाण्याने बसवलेले, हातात केळ्यांचा घड. दादा उशांना टेकून बसला होता. मिस्त्री दाराशी उभा राहिला.

"मी गॅरेजवाला," तो म्हणाला. "चूक माझी हाय. तुमाला काय बोलायचं तर बोला."

दादाने त्याला निरखलं. मला वाटलं आता इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर पडणार. दादाने केळ्यांकडे पाहून विचारलं, "ही कुठली?"

"फिलिपाइन्सची असतील. दुकानात हीच हायत."

"यांना चव नसते. आमच्या वसईची खाल्लीत कधी?"

"नाय. आमच्याकडे देवरुखला आंबा, फणस. केळी हायत, पण पाहुण्यांपुरती."

"बसा," दादा म्हणाला.

मी चहा ठेवला. आतून ऐकत होते. ते गाडीबद्दल बोलले नाहीत. मासे, वाडीतलं पाणी, दोघांकडचा फणस यांवर बोलले. मिस्त्रीने सांगितलं की त्याची बायको आणि दोन मुली गावी आहेत आणि धाकटी त्याला ओळखत नाही, फोटो दाखवला तर आत पळते. दादाने सांगितलं की तो होड्या बांधायचा. मिस्त्री म्हणाला, "मग तुमाला कुजलेलं कसं ओळखायचं ते ठाव असेल."

"टोच्याने टोचायचं," दादा म्हणाला. "फळीला रंग कितीही असू दे. टोचा आत गेला की फळी बाद."

पुढच्या शुक्रवारी मिस्सा झाल्यावर दादा म्हणाला, "चल, गॅरेजात जाऊ." आम्ही टॅक्सीने गेलो. हात झोळीत, तरी तो गाडीभोवती फिरला, खाली वाकून पाहिलं. मग मिस्त्रीकडून एक अणकुचीदार सळई मागून घेतली आणि उजव्या बाजूचं पोट टोचून पाहायला सांगितलं. मिस्त्री आडवा झाला. सळई एका जागी आत गेली. तिकडचं लोखंडही कुजायला लागलं होतं.

मग सगळं नव्याने सुरू झालं. मागचं सगळं सामान उतरवलं. डांबर दोन्हीकडून खरवडून काढलं. कुजलेला पत्रा कापला आणि त्या जागी जाड पत्रा वेल्डिंग करून बसवला. वेल्डिंग चालू असताना आम्ही पाठ करून उभे राहायचो आणि भिंतीवर निळा उजेड उडत राहायचा. मालक म्हातारा कधी नव्हे तो खुर्ची सोडून आत येऊन उभा राहायचा.

खरी अडचण पुढे आली. पत्रा नवा म्हणजे भोकही नवं पाडायचं. ते थोडं जरी पुढेमागे झालं तर मागची चाकं तिरपी बसणार आणि गाडी सरळ चालणार नाही. मिस्त्री ट्रकच्या बाबतीत नजरेने भागवायचा. इथे नजरेचा भरवसा त्याला वाटेना. जुनं भोक तर फाटून गेलेलं.

"दोरी आहे का?" दादाने विचारलं. "होडीचा कणा आम्ही दोरीने बघायचो."

मिस्त्रीने गवंडीकामाची सुतळी आणली. गाडी सपाट जागी सरळ उभी केली. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत चाकांच्या मध्याच्या उंचीवर सुतळी ताणली, एक टोक माझ्याकडे, एक टोक दादाच्या चांगल्या हातात. मिस्त्री पट्टी घेऊन मधल्या जागा मोजत होता. एका बाजूचं मोजून झालं की दुसऱ्या बाजूला. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं. दादा म्हणायचा, "सैल सोडू नकोस," मिस्त्री म्हणायचा, "सिस्टर, जरा वर." दोनदा भोकाची खूण चुकली आणि पुसली. दुपारभर हेच चाललं. शेवटी मिस्त्रीने सेंटरपंच ठोकून भोकाची जागा पक्की केली.

कडक पाटे परत घालायचे की नाही यावर वाद झाला. मिस्त्रीला नवे टाकून द्यायचं जिवावर आलं होतं. मी म्हटलं, जुनेच घाला. शेवटी असं ठरलं की मागचे पाटे जुने, त्यांच्या पानांमध्ये साफ करून ग्रीस भरायचं, आणि शॉक मात्र नवे ठेवायचे. पुढच्या स्प्रिंगाही जुन्या. नव्या स्प्रिंगा आणि पाटे मिस्त्रीने तेल लावून गॅरेजच्या माळ्यावर ठेवले. त्यांचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही.

दादाचा हात झोळीतून निघायच्या सुमाराला गाडी तयार झाली. पहिली फेरी कोणी मारायची? दादा म्हणाला, "मिस्त्रीला घेऊन जा. आवाज त्याला ऐकू येईल."

आम्ही अवालीच्या रस्त्याने निघालो. मिस्त्री डावीकडे बसला. बाईमाणूस गाडी चालवतंय आणि आपण शेजारी बसलोय, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. तो दाराची कड धरून बसला होता आणि शेजारून कोणी गाडीवाला आमच्याकडे बघत गेला की हा खाली बघायचा. मनामा मागे पडलं. दोन्ही बाजूंना खारवट सपाट जमीन, लांबवर तेलाच्या विहिरींचे पंप मान हलवत होते. मी वेग वाढवला. पाय दाबला, सोडला, परत दाबला. गाडी रेषेत राहिली. मुद्दाम एका खळग्यावरून नेली. धप्प एवढाच आवाज आला आणि लगेच संपला.

"थांबवा," मिस्त्री म्हणाला.

मला वाटलं काहीतरी बिघडलं. मी बाजूला घेतली. तो उतरला, मागच्या दोन्ही चाकांपाशी वाकून पाहून आला, हात लावला, उभा राहिला.

"मी चालवू का जरा?"

मी सरकून डावीकडे बसले. तो फार सावकाश चालवत होता. एरवी ट्रक घेऊन नईमच्या गल्लीत कोणाला न जुमानणारा माणूस, त्या मोकळ्या रस्त्यावर बैलगाडीच्या चालीने निघाला होता. त्याने छप्पर खाली केलं होतं आणि केस वाऱ्यावर उभे राहिले होते. पुढे एक पिकअप रेंगाळत होती. तो मागे थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान बाहेर काढली आणि म्हटलं, "चला."

त्यानंतर दादाने मिस्त्रीकडून गाडी चालवायला शिकून घेतलं. माझ्याकडून नाही. शुक्रवारी दुपारी दोघं बुसैतीनकडच्या मोकळ्या जागेत जायचे आणि परत येताना खुबूसच्या रोट्या आणि मासे घेऊन यायचे. मिस्त्री आमच्याकडे जेवायचा. मी आणि दादा एरवी दोघंच असलो की फार बोलायचो नाही. मिस्त्री असला की दादा वसईच्या गोष्टी काढायचा. त्यातल्या कितीतरी मी पहिल्यांदा ऐकल्या. आमच्या वडिलांनी त्याला होडीच्या कामावर कसं नेऊन बसवलं, मी नर्सिंगला निघाले त्या दिवशी तो कुठे जाऊन बसला होता, हे मला त्या जेवणांमध्ये कळलं. त्याने ते मला सांगितलं नव्हतं. मिस्त्रीला सांगत होता आणि मी वाढत होते.

पुढे दादाची बायको आणि मुलगी बहरीनला आल्या. दोघांच्या दोन खोल्यांत चौघं झालो, मग मी जवळच वेगळी खोली घेतली. मुलगी इंग्रजी शाळेत जायला लागली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. गाडीत तिला मधल्या जागेवर गठडी करून बसवायला लागायचं आणि तिथे बसायला मिळावं म्हणून ती भांडायची.

नईमचं ते गॅरेज ऐंशीच्या दशकाच्या मध्याला बंद झालं. मालक वारला आणि मुलांनी ती जागा फ्लॅट बांधायला दिली. मिस्त्रीला दुसरीकडे काम मिळत होतं, पण त्याने घरी जायचं ठरवलं. थोरल्या मुलीचं लग्न जमलं होतं. "खलास," तो म्हणाला. "आता बस झालं."

त्याला विमानतळावर कोणी सोडायचं यावर चर्चाच झाली नाही. त्याचं सामान आमच्या गाडीत मावण्यासारखं नव्हतं. दोन मोठ्या बॅगा, दोरीने बांधलेलं ब्लँकेट, मिक्सरचं खोकं. दादा ते सगळं घेऊन टॅक्सीने मागून येत होता. मिस्त्री माझ्या शेजारी बसला, नवा शर्ट, मांडीवर टेपरेकॉर्डर. पुलावरून जाताना मी त्याला विचारलं, देवरुखला काय करणार? मिस्त्री ऐकत नव्हता. मान एका बाजूला कलती करून बसला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"बोलू नका जरा."

मुहर्रकला वळलो तोवर तो तसाच होता. विमानतळासमोर गाडी उभी केली. दादाची टॅक्सी आली. सामान उतरवलं, दोघं एकमेकांना भेटले. दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मग हात तिथेच ठेवला. मिस्त्री माझ्याकडे वळला.

"सिस्टर, मागं उजवीकडे बुशचा आवाज येतोय. बारीक हाय. नवीन मिस्त्री गाठलात की आधी खरवडून बघायला सांगा. वरून हात फिरवला तर ऐकू नका."

"सांगते," मी म्हटलं.

तो आत गेला. मी आणि दादा परत निघालो. छप्पर उघडं होतं, वारा होता. मी कान देऊन ऐकलं, मला काही ऐकू आलं नाही. दादाला विचारलं, त्यालाही नाही. तरी त्या आठवड्यात गाडी एका नव्या गॅरेजात नेली आणि सगळं खरवडून होईपर्यंत मी स्वतः खाली वाकून उभी राहिले.